फटींचा कैवार

आमच्या घरात पाऊस पडतो, यात नवल नाही. आगरदांड्यात थोडाफार सगळ्यांच्याच घरात पडतो. नवल एवढेच, की आमच्या घरात तो मार्गशीर्षात पडतो.

बाहेर आकाश घासल्या ताटासारखे स्वच्छ. खाडीपलीकडे दिघीचे दिवे लुकलुकताहेत. अंगावर चादर ओढून घ्यावी असा गारठा. आणि पहाटे साडेचारला डोक्यावरच्या माळ्यावर टप्‌... टप्‌... टप्‌. पहिल्या रात्री सौ.ने मला हलवून जागे केले आणि कानात सांगितले, "अहो, वर कुणीतरी आहे!"

अशा वेळी नवऱ्याने वर जायचे असते, असा शास्त्रार्थ आहे. मी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात विजेरी घेतली. त्यामुळे शिडी धरायला हात उरला नाही. काठी सौ.च्या हाती देऊन मी वर चढलो. वर चोर नव्हता. असता तर बरे झाले असते. चोर एकदा येतो आणि जातो. वर पाणी होते. छपराच्या पत्र्याच्या पोटाला थेंबांची अशी रांग लागली होती, की रेशनच्या दुकानापुढेही इतकी शिस्त मी पाहिलेली नाही. पुढचा थेंब पडला की मागचा पुढे सरके. आणि या थेंबांचा नेम बरोबर आमच्या आईच्या ट्रंकेवर होता. ट्रंकेवर हिरवट-काळ्या मखमलीची झूल पसरली होती. हात लावला तर मखमल बोटाला आली, आणि नाकात असा काही कुबट वास शिरला, की मला सलग अकरा शिंका आल्या. खालून सौ.ने घाबरून विचारले, "किती जण आहेत हो?"

तेव्हापासून तीन वर्षे मी त्या थेंबांशी लढलो आणि हरलो. हरलो याचे दुःख नाही. दुःख याचे आहे, की मी चुकीच्या शत्रूशी लढत होतो; आणि तो शत्रू दाखवून देणारे सगळे लोक माझे मित्र, आप्त आणि हितचिंतक होते. हा लेख त्यांच्याविरुद्ध आहे. ते वाचतील आणि चिडतील. खुशाल चिडोत. थंडीत माझ्या माळ्यावर येऊन चिडले तर थोडे गारही होतील.

आता मुळापासून सांगतो. आमचे घर आजोबांच्या वेळचे. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी, आणि माजघरावर फळ्यांचा माळा. वर कौले. आधी गावच्या कुंभाराचे नळे होते. मग मंगलोरी कौले आली. ही मंगलोरी कौलेसुद्धा मूळची परदेशी कल्पना. बाझेल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी 1865 साली मंगळुराला कौलांचा कारखाना काढला. धर्माचा प्रसार त्यांना किती साधला ते ठाऊक नाही, पण कोकणातल्या सर्व जातिधर्मांच्या डोक्यावर त्यांचे कौल मात्र बसले.

त्या कौलांना गुण होता आणि दोषही होता, आणि दोन्ही एकच होते : त्यांच्यात फटी असत. दोन कौलांमधून आभाळाची रेघ दिसे. दर वर्षी मेअखेर कौले चाळावी लागत, फुटकी बदलावी लागत. माकड छपरावर नाचून गेले की सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. पावसात एखादा थेंब कपाळावर पडला, तर आई खाली पातेले ठेवी आणि कामाला लागे. घर गळते म्हणून कुणी तज्ज्ञ बोलावल्याचे मला आठवत नाही. पातेले हाच तज्ज्ञ होता, आणि त्याची फी नव्हती.

मग 2020 सालचा 3 जून उजाडला. चक्रीवादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर चढले. त्याचे नाव 'निसर्ग'. हे नाव बांगलादेशाने सुचवलेले; त्यांचा हेतू चांगलाच असणार, पण त्या दिवसापासून आमच्याकडे 'निसर्गरम्य' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. ताशी शंभराहून अधिक किलोमीटरचा वारा. वाडीतली माडाची आणि पोफळीची झाडे आडवी झाली. आम्ही दोघे माजघरातल्या पलंगाखाली होतो आणि डोक्यावरून कौले पत्त्यासारखी जात होती. 'घर फिरले की घराचे वासेही फिरतात' ही म्हण मी शाळेत निबंधात वापरली होती. त्या दुपारी वासे खरोखर फिरताना पाहिले. तेव्हा मार्क मिळाले होते, या वेळी मिळाले नाहीत.

तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला. दिवाळीत नवे छप्पर करायचे ठरले. कौले मिळेनात, मिळाली तर परवडेनात, परवडली तर चढवणारा माणूस मिळेना. तेव्हा साऱ्या गावासारखा मीही पत्रा घातला. लोखंडी अँगल, वर निळा रंगीत पत्रा, आणि तो आवळणारे शेकडो स्क्रू. वेल्डिंगवाला म्हणाला, "आता वादळाचा बाप आला तरी हलणार नाही." ते खरे ठरले. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा आमचा पत्रा नुसता थरथरला. पत्र्याचे हे उपकार मी विसरलेलो नाही. माझे भांडण पत्र्याशी नाही. माझे भांडण त्यानंतर जे घडले त्याच्याशी आहे.

पत्रा बसल्यावर भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये वीतभर फट राहिली. ती पाहून जो येई त्याच्या जिवाची कालवाकालव होई. शेजारचे काका म्हणाले, "अरे, वाघळं शिरतील." वेल्डिंगवाला म्हणाला, "वारा शिरला तर पत्रा खालून उचलेल." पुण्याचा मेव्हणा म्हणाला, "फिनिशिंग नाही आलं." मी गवंडी बोलावला आणि ती फट सिमेंटने लिंपून टाकली. उत्साहाच्या भरात माळ्याच्या पूर्वेची जुनी लाकडी झडपही लिंपून टाकली, कारण ती आवळून बसत नव्हती. खाली खिडक्यांना सरकत्या काचा आल्या. माजघराला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे छत आले. घर कसे डब्यासारखे घट्ट झाले! मेव्हणा म्हणाला, "आता झालं फिनिशिंग." मराठीत याचा अर्थ 'संपवणे' असाही होतो, हे मला तेव्हा सुचले नाही.

आणि त्याच्या दुसऱ्याच मार्गशीर्षात वर कुणीतरी आले.

आता गळतीविषयी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या देशात क्रिकेट, राजकारण आणि गळती या तीन विषयांत अडाणी माणूस जन्माला येत नाही. शेजारचे काका छपराकडे पाहून म्हणाले, "स्क्रूतून गळतंय." मी विचारले, "काका, पण पाऊस कुठाय?" ते म्हणाले, "पावसाळ्यातलं साठून राहिलेलं असेल." पत्र्यावर पाणी डिसेंबरपर्यंत कुठे साठून राहते, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण ते वयाने मोठे आहेत आणि त्यांची शिडी आमच्याकडे होती. वेल्डिंगवाल्याने प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सिलिकॉन मारले. थेंब पडतच राहिले. मग सांध्यांवर डांबर झाले. थेंब पडतच राहिले.

मग रंगवाला आला. त्याने भिंतीवर टकटक केले, डॉक्टरसारखे कान लावून ऐकले आणि म्हणाला, "साहेब, ओल भिंतीत आहे. आतून-बाहेरून केमिकल मारून पॅक करून टाकू. दहा वर्षांची गॅरंटी." बुरशीवर पांढरा रंग बसला. पंधरा दिवस माळा नव्या नवरीसारखा दिसला. मग पांढऱ्यातून करडे ठिपके डोकावू लागले आणि महिन्याभरात बुरशी रंगासकट पापुद्रे टाकू लागली. मी गॅरंटीचा कागद शोधायला माळ्यावर गेलो. कागद सापडला. त्याला बुरशी लागली होती. नेमकी तारखेवर.

मेव्हण्याने पुण्याहून फोनवर सल्ला दिला, "भाऊजी, हवेतली ओल शोषणारं यंत्र मिळतं, ते लावा." पुण्याच्या माणसाला दमट हवा ही एक किरकोळ गैरसोय वाटते. दारापुढे राजपुरीची खाडी पसरलेली असताना हे यंत्र लावणे म्हणजे चमच्याने समुद्र उपसणे. शिवाय त्याचे विजेचे बिल बघून मला जो घाम फुटला असता, तो शोषायला दुसरे यंत्र लागले असते.

बुरशी मात्र वाढत होती. तशी बुरशीविषयी मला पूर्वी आदर होता. 1928 साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत ती आगंतुकासारखी उगवली आणि त्यातून पेनिसिलीन निघाले. 1954 साली तर आपल्या सरकारने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखानाच उभारला. सरकारने ज्या जातीला पिंपरीत टाक्या बांधून सन्मानाने वाढवले, तिचेच भाऊबंद आमच्या माळ्यावर फुकट वाढत होते. पण ते शिकलेले नव्हते. त्यांनी औषध दिले नाही, खोकला दिला. सौ.ला जुना दमा आहे. तिसऱ्या हिवाळ्यात ती रात्रभर उशीला टेकून बसून काढू लागली, तेव्हा हा विषय थट्टेचा राहिला नाही. आणि त्याच सुमारास मी भीत भीत आईची ट्रंक उघडली. तिची हकिगत शेवटी सांगतो. आधी सांगितली तर मला लेख पुरा करता यायचा नाही.

उलगडा झाला तो आत्यामुळे. माझी आत्या दिघीला असते. वय ऐंशीच्या पुढे. माहेरच्या घरचे छप्पर बघायला म्हणून ती फेरीबोटीतून खाडी ओलांडून आली. दारात पाऊल टाकले आणि थांबली. नाक वर करून हुंगली.

"अरे, घराचं नाक कुठाय?"

"नाक?"

"आढ्याखालची फट. पूर्वेची झडप. कुठायत?"

"बुजवली," मी अभिमानाने म्हणालो.

"मेल्या, शिजत्या भातावर झाकण ठेवलंस होय! आणि झाकणाला पाणी सुटलं म्हणून झाकणाला डांबर फासतोयस?"

तीन वर्षे, चार तज्ज्ञ आणि बरेच हजार रुपये, यांचा निकाल एका वाक्यात लागला. शाळेत विज्ञान मीही शिकलो होतो. फरक इतकाच, की मी ते पेपरात लिहून मोकळा झालो आणि तिने भात रांधला.

त्या रात्री मी शाळेतले विज्ञान पुन्हा उजळले. हवा ही सावकारासारखी असते. गरम असली की भरपूर पाणी खिशात घालते, गार पडली की ओकते. 30 अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे 30 ग्रॅम वाफ धरू शकते, 20 अंशांना जेमतेम 17. मधल्या 13 ग्रॅमनी जायचे कुठे? जी वस्तू सर्वांत थंड, तिच्या अंगावर. घरातली सर्वांत थंड वस्तू कोणती? पत्रा. निरभ्र रात्री तो आपली ऊब सरळ आभाळाला देऊन टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी गार होतो. गवतावर दंव पडते ते याच न्यायाने. श्रावणात आभाळावर ढगांची गोधडी असते म्हणून पत्रा इतका गारठत नाही. मार्गशीर्षात गोधडी निघते. मंगलोरी कौल जाड आणि सच्छिद्र मातीचे. ते थोडे पाणी पिऊन दिवसा उन्हात परत देते. पत्रा निर्व्यसनी आहे, एक थेंब पीत नाही. सगळे आपल्या ट्रंकेवर.

म्हणजे ती गळती नव्हतीच, दंव होते. आमच्या घराला घाम फुटत होता.

आता हे पाणी आले कुठून? आम्हीच ओतले. माणूस रात्रभरात पेलाभर पाणी श्वासातून आणि घामातून हवेत सोडतो. भाताची वाफ, अंघोळीची वाफ, माजघरातल्या दोरीवर वाळणारे कपडे. पण सर्वांत मोठा भिस्ती तर निराळाच निघाला. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा त्यातला हायड्रोजन हवेतल्या प्राणवायूशी संसार थाटतो आणि त्यांना पाणी होते. एक किलो गॅसमागे दीड किलोहून अधिक पाणी! खोटे वाटत असेल तर पेटत्या शेगडीवर कोरडे थंड पातेले क्षणभर धरा आणि त्याची बूड पाहा, ओली दिसेल. आपल्या घरी येतो त्या 14.2 किलोच्या सिलिंडरमधून अशी वीस-बावीस लिटर वाफ निघते. सिलिंडरवाला खांद्यावरून आगही आणतो आणि पाणीही आणतो. बिल मात्र आगीचेच देतो, हे त्याचे उपकार.

ही सगळी वाफ पूर्वीही होत होती. फरक हा, की पूर्वी ती फटीतून निघून जाई. आता मी तिला दार लावले होते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणतात ते खरे असेल. झाकला माळा मात्र सव्वा लाखाला पडतो.

म्हणून मी आज जाहीरपणे फटींचे वकीलपत्र घेत आहे. या देशात फटीला कुणी वाली नाही. दात असो, भिंत असो, सरकार असो. फट दिसली की बुजवा, हीच एक नीती. मी या पंथाला फटबुजवे म्हणतो. फटबुजव्यांचे सगळे तत्त्वज्ञान एका वाक्यात मावते : संकट बाहेरून येते. वादळ बाहेरून आले, पाऊस बाहेरून आला, वाघूळ बाहेरून आले. म्हणून घर बंद करा म्हणजे सुखी व्हाल. घरातल्या माणसांच्या श्वासानेही घर कुजू शकते, हे त्यांच्या हिशेबात नाही. निसर्ग वादळानंतर या किनाऱ्यावर ज्याला परवडले त्याने पत्रा घातला, आणि ज्याने पत्रा घातला त्याला एक तरी फटबुजवा भेटलाच असणार. त्या प्रत्येकाला मला विचारायचे आहे, बाबा रे, तू तुझे नाक बुजवून किती वेळ बसशील?

फटबुजवे यावर उसळून म्हणतील, "म्हणजे पुन्हा कौलं आणि चूल आणायची का?" नाही. हा डाव मी ओळखून आहे. जुन्या गोष्टीतला एक गुण सांगितला की लगेच माणसाच्या हाती कंदील आणि फुंकणी द्यायची, ही वादाची लबाडी झाली. जुना माळा कोरडा राही त्यात फटीइतकाच चुलीचाही हात होता, हे खरे. धूर वर चढे, कांद्याच्या माळा, बियाणे, खोबऱ्याच्या वाट्या धुरवटून सुरक्षित राहत, किडा फिरकत नसे. पण त्या धुराचे बिल आईच्या डोळ्यांनी आणि छातीने भरले. चूल परत आणा म्हणणाऱ्या पुरुषाला आषाढात आठ दिवस ओल्या लाकडांपुढे फुंकणी देऊन बसवावे. नवव्या दिवशी तो गॅसच्या नळीची पूजा करील. मला चूल नको, वादळात उडणारे छप्परही नको. मला फक्त फट हवी.

ती आम्ही परत मिळवली. आढ्याशी पत्र्याची टोपी थोडी उचलून तिच्याखाली हवा जाईल असे केले आणि जाळी लावली. भिंतीवरचे सिमेंट दोन बाजूंना समोरासमोर फोडले, तिथेही जाळी लावली. वाघूळ बाहेर, हवा आत. दोघांचाही मान राहिला. वारा पत्रा उचलेल म्हणणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडूनच अँगलचे बोल्ट पुन्हा आवळून घेतले. वादळाला तोंड द्यायचे ते बोल्टने, सिमेंटच्या लिंपणाने नव्हे. शेगडीवर पंखा बसवला आणि त्याचे तोंड थेट बाहेर काढले; काही जण ते माळ्यावर सोडतात, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार. भात शिजताना माळ्याचे दार लावून ठेवायचे, असा सौ.ने नियम केला. पत्र्याच्या पोटाला फोमची चादर लावली, म्हणजे ओल्या हवेची आणि थंड पत्र्याची गाठच पडत नाही.

बुरशी पुसायची तर ओल्या फडक्याने, नाकाला रुमाल बांधून, आणि दमेकऱ्याला घराबाहेर पाठवून. मी पहिल्या वर्षी कोरड्या खराट्याने झाडली होती; म्हणजे बुरशीचे बी-बियाणे घरभर पेरून शेतीच केली. आणि बुरशीवर रंग कधीही मारू नये. रंग हे तिचे पांघरूण आहे.

प्रामाणिकपणे हेही सांगतो, की आषाढात झडप उघडून माळा वाळत नाही. बाहेरचीच हवा पाण्याने निथळत असते, ती आत येऊन काय वाळवणार? कागद-कपड्यांवर तेव्हा थोडा बुरा चढतोच. हा कोकणचा शेतसारा आहे, तो भरावा लागतो. पण आश्विनाचे ऊन पडले की फट आपले काम सुरू करते. हिवाळ्यात एखाद्या पहाटे पत्र्याच्या कडेला अजूनही चार थेंब दिसतात. आठ वाजता ऊन चढले की वारा त्यांना घेऊन जातो. गेल्या हिवाळ्यात सौ. रात्री आडवी झोपली. घोरलीसुद्धा. इतके मधुर संगीत मी बऱ्याच वर्षांत ऐकले नव्हते.

आता ट्रंकेचे. तिच्यात आईचा शालू होता, तो घडीघडीवर फाटला. जमिनीचे कागद होते. त्यांच्या नकला कचेरीतून मिळाल्या. आणि तळाशी वडिलांनी आईला लिहिलेली पत्रे होती. वडील परळला गिरणीत होते. गणपतीला आणि शिमग्याला घरी येत. एरवी आठवड्याला एक पत्र. 1982 च्या संपानंतर ते कायमचे घरी आले आणि पत्रे थांबली. आईने ती वीस-बावीस वर्षांची पत्रे सुतळीने बांधून ठेवली होती. कौलांखाली, धुराखाली, फटींखाली ती पन्नास वर्षे टिकली. माझ्या फिनिशिंगखाली तीन वर्षे टिकली नाहीत. गठ्ठ्याची एकच काळी वीट झाली होती. ती मी कधी वाचली नव्हती. पुढे कधीतरी निवांत वाचू, असे ठेवले होते.

ओटीवर सावलीत, एकेक पान सोडवून, वाऱ्यावर वाळवले. बहुतेक शाई वाहून गेलेली. एका आंतर्देशीय पत्राचा मात्र अर्धा भाग शाबूत निघाला. वर 'चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद.' मग बुरशीने खाल्लेल्या सहा ओळी. मग स्वच्छ अक्षरात : 'कौले चाळून घेणे. पाऊस सरला की माळ्याची झडप उघडी ठेवणे. कोंदू देऊ नये.'

त्या सहा ओळींत काय होते, हे आता कुणालाच कळायचे नाही. काही गोड असणार. बुरशीला गोड आवडते. आमच्या वाट्याला झडप आली. ती मी गवंड्याकडून पुन्हा फोडून घेतली. जुने लाकूड कुजले होते, म्हणून नवे घातले. तेही आवळून बसत नाही. मी बसू दिलेले नाही.

परवा तो रंगवाला पुन्हा आला होता. नवे केमिकल निघाले आहे म्हणाला. या खेपेस गॅरंटी वीस वर्षांची. मी त्याला ओटीवर बसवले, चहा दिला आणि काही न बोलता ते पत्र हातात ठेवले. त्याने ते वाचले. दोनदा वाचले. त्याचेही डोळे जरा ओलसर झालेले मला दिसले. मला वाटले, चला, एक फटबुजवा तरी माणसांत आला.

पत्र परत देताना तो हळूच म्हणाला, "साहेब, ह्याला आपलं केमिकल मारून पॅक करून देऊ का? पुन्हा बुरशी धरणार नाही."